रोजचा पहिला किलोमीटर

पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार. मी चोपडा तालुक्यातल्या एका गावचा. वय २३. घरी वडिलांची केळीची थोडी बाग आहे. दहा किलोमीटर ३३ मिनिटं ४० सेकंदांत आणि हाफ मॅरेथॉन १ तास १४ मिनिटं २० सेकंदांत पळालेलो आहे. चार महिने तयारी करून नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी पुण्याकडच्या एका हाफला गेलो. १ तास १३ मिनिटं करायची ठरवली होती. आदल्या दिवशी मामांकडे उतरलो. मामींनी भरीत-पुरी आणि शेवभाजी केली होती, पोटभर जेवलो. सकाळी मैदानाजवळ पोचल्यावर कळलं की चेस्ट नंबर मामांकडेच राहिला. रिक्षाने परत जाऊन आणला, वॉर्मअप झालाच नाही. मित्रांनी वर्गणी काढून कार्बन प्लेटचे (जाड तळात कार्बनची पट्टी असलेले) शूज घेऊन दिले होते, ते त्या दिवशी पहिल्यांदा घातले. पहिले तीन किलोमीटर ९ मिनिटं २८ सेकंदांत गेले, सगळ्यांच्या पुढे होतो. गुडघा आधीपासून दुखत होता म्हणून सुरुवातीला एक आणि दहाव्या किलोमीटरला एक अशा दुखण्याच्या गोळ्या घेतल्या. प्रत्येक टेबलावर पाणी प्यालो. अकराव्यानंतर पोट बिघडलं. पुढे जिथे १० आणि २१ चे रस्ते वेगळे होतात, तिथे १० वाल्यांच्या मागे गेलो, एका स्वयंसेवकाने परत बोलावलं. शेवटी वेळ आली १ तास २१ मिनिटं ४० सेकंद. दुसऱ्या दिवशी लघवी चहाच्या रंगाची झाली होती, दोन दिवसांत ठीक झाली. पुढच्या रविवारी धुळ्याला दहा किलोमीटर पळालो, तिसरा आलो, तीन हजार मिळाले. ग्राउंडवरची पोरं म्हणतात, "तू ऐन टाइमले माती खास," म्हणजे ऐन वेळी माती खातोस. मलाही वाटतं की माझं मन कच्चं आहे. आता जिल्हा स्पर्धेत ट्रॅकवर १०,००० मीटर आहे आणि जानेवारीत मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनला नाव नोंदवलंय. काय करू? पळणं सोडू का?

उत्तर:

भाऊ, तू एवढ्या चुका मोजल्यास, स्वतःला दोष दिलास, आणि सगळ्यात गंभीर गोष्ट एका वाक्यात उरकून पुढे गेलास. लघवी चहाच्या रंगाची झाली होती. भरीत, चेस्ट नंबर, शूज यांची किंमत तू सात-आठ मिनिटांत मोजलीस. या गोष्टीची किंमत मिनिटांत मोजता येत नाही. म्हणून उत्तराची सुरुवात इथूनच करते. उद्या सकाळी ग्राउंडवर जायच्या ऐवजी डॉक्टरकडे जा. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातही चालेल. हाफ मॅरेथॉन पळालो, दोन पेनकिलर घेतल्या, दुसऱ्या दिवशी लघवीचा रंग गडद झाला, असं जसंच्या तसं सांग. लघवीची साधी तपासणी, रक्तात सी.पी.के. (स्नायू किती तुटले ते यावरून कळतं) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते यावरून कळतं), एवढं बघायला सांग. गोळ्यांची नावं आठवत नसतील तर ज्याने दिल्या त्याला फोन करून विचार.

हे कशासाठी, ते समजून घे. खूप जोर लागला की स्नायूंचे तंतू तुटतात आणि त्यातलं मायोग्लोबिन नावाचं द्रव्य रक्तात उतरतं. ते मूत्रपिंडातून बाहेर पडताना लघवीला तो रंग येतो आणि प्रमाण जास्त असेल तर मूत्रपिंडाला इजा होते. लांब पळाल्यावर लघवीत थोडं रक्त दिसण्याची काही साधी कारणंही असतात. पण ते साधं होतं की नव्हतं, हे तपासणीनेच कळतं. रंग परत पिवळा झाला म्हणून तू ठरवायचं नाही, आणि मीही इथे बसून ठरवणार नाही. पुन्हा कधी तसा रंग दिसला, लघवी कमी झाली, मांड्या सुजून दगडासारख्या झाल्या किंवा मळमळ थांबेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, रात्र असली तरी.

आणि या गोळ्यांबद्दल मला राग आहे, तो तुझ्यावर नाही. स्टार्टिंग लाइनवर खिशातून पट्टी काढून एकमेकांना गोळ्या वाटायची जी पद्धत पडली आहे, तिच्यावर आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या जातीच्या गोळ्या दुखणं कमी करतात ते प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं रोखून. घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त चालू ठेवायचं काम हीच द्रव्यं करत असतात. म्हणजे मूत्रपिंडाला आधाराची सगळ्यात जास्त गरज असते त्याच तासाला आपण तो आधार काढून घेतो. शिवाय अकराव्या किलोमीटरनंतर पोट बिघडलं त्याचं सगळं खापर मामींच्या भरतावर फोडू नको. गोळ्यांचाही त्यात वाटा असू शकतो. प्रत्येक टेबलावर पाणी पिणं हेही तू शहाणपण म्हणून केलंस. सव्वा तासाच्या शर्यतीत तहान लागेल तसे दोन-चार घोट पुरतात. जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं, आणि या गोळ्या घेतल्या असतील तर मूत्रपिंड जादा पाणी लवकर बाहेर टाकत नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. शर्यतीत वजन वाढलेले, म्हणजे घामाने गेलं त्याहून जास्त पाणी प्यालेले, त्यांत अधिक होते.

गुडघा दुखत असताना शर्यत पळायची की नाही, हा प्रश्न शर्यतीच्या सकाळी सोडवायचा नसतो. आठवडाभर आधी सोडवायचा. गोळी घेतल्याशिवाय हळूही पळता येत नसेल तर जायचं नाही. वाईट वाटतं, भाडं बुडतं, तरी नाही. फिजिओथेरपिस्टला गुडघा दाखव. दुखतं कुठे, चढावर की उतारावर, किती किलोमीटरनंतर, हे लिहून घेऊन जा.

आता मनाबद्दल. तुझं मन कच्चं आहे असं मला अजिबात वाटत नाही. पोट बिघडलेलं, रस्ता चुकलेला, अशा अवस्थेत २१ किलोमीटर पूर्ण करणारा मुलगा मनाने कच्चा नसतो. तू ज्याला ऐन वेळची चूक म्हणतोस, ती ऐन वेळची आहे का, हे मात्र तपासायला हवं. तुझ्या पत्रात "ग्राउंडवरची पोरं" आली आणि मला चित्र दिसलं. आपल्याकडे चोपडा काय, अमळनेर, पारोळा, शिरपूर काय, पहाटे पाचला कुठल्याही मैदानावर जा, निम्मी गर्दी भरतीच्या पोरांची. पोलीस भरतीत १६०० मीटरला ५० पैकी २० गुण, त्यामुळे त्यांचं सगळं जग चार राउंडांचं. शिट्टी वाजली की जो तो सुटतो. चुना मारलेल्या रेषेवर दहा-पंधरा जण खांद्याला खांदा लावून उभे असतात, एकाने अर्धं पाऊल पुढे टाकलं की दुसरा पाऊण टाकतो, आणि पहिल्या वळणापर्यंत सगळ्यांची झुंबड. तू त्यांच्यातला सर्वांत चांगला. तू मागे राहिलास तर पोरं बोलणार. म्हणून तूही सुटतोस. आठ किलोमीटर हळू पळायच्या दिवशीही तुझा पहिला किलोमीटर साडेतीनच्या आत जात असणार. घड्याळातली नोंद काढून बघ, माझा अंदाज चुकला तर मला आनंदच होईल.

तसं असेल तर पुण्याकडे झालं ते अघटित नव्हतं. तू रोज सकाळी ज्याचा सराव करतोस तेच तिथे केलंस. सरावात पुढे फक्त पाच-सहा किलोमीटर असतात म्हणून निभावतं, तिथे अठरा होते.

हिशेब मांडू. हाफ १ तास १३ मिनिटांत करायची तर किलोमीटरला ३ मिनिटं २८ सेकंद लागतात. पहिल्या तीनला १० मिनिटं २४ सेकंद. तू गेलास ९:२८ मध्ये. दहा किलोमीटर ३३:४० मध्ये करणारा मुलगा तीन हजार मीटर जीव तोडून पळाला तर साधारण एवढ्याच वेळात पळेल. म्हणजे तू आधी तीन हजार मीटरची एक पूर्ण शर्यत काढलीस, तीही वॉर्मअप न करता, आणि मग त्याच पायांनी अठरा किलोमीटर पळायला निघालास. ५६ सेकंद कमावले आणि शेवटी ठरवलेल्या वेळेच्या ८ मिनिटं ४० सेकंद मागे आलास. स्नायूंत साठवलेली साखर अशा वेगाला फार लवकर खर्च होते, आणि एकदा गेली की नंतर कितीही हळू झालास तरी त्या शर्यतीपुरती परत येत नाही. सुरुवातीला हे जाणवत नाही, तेच अवघड आहे. आठवडाभर विश्रांती घेतलेले पाय, गर्दी, ढोल, मोबाइलवर शूटिंग करणारे मित्र, यांत ३:१० चा वेग ३:३० सारखा हलका लागतो. त्या दिवशी शरीर जे सांगतं त्यावर पहिल्या तीन किलोमीटरांत विश्वास ठेवायचा नाही, घड्याळावर ठेवायचा.

केनियाच्या केल्विन किप्टुमने ऑक्टोबर २०२३ मध्ये शिकागो मॅरेथॉनमध्ये २ तास ३५ सेकंदांचा विश्वविक्रम केला, तेव्हा पहिली अर्धी ६० मिनिटं ४८ सेकंदांत आणि दुसरी ५९ मिनिटं ४७ सेकंदांत पळाला होता. विक्रमासाठी धरल्या जाणाऱ्या शर्यतीत त्याच्याइतकं वेगात ते अंतर तोवर कोणी पळालं नव्हतं, आणि तोसुद्धा पहिल्या अर्ध्यात राखून होता. पुढच्या फेब्रुवारीत अपघातात तो गेला, चोविसाव्या वर्षी. त्याच्या त्या शर्यतीचा दर पाच किलोमीटरचा वेळ कुठेही मिळेल, एकदा वहीत उतरवून काढ.

डॉक्टरांनी पळायला हरकत नाही म्हटलं की हे कर. सोपे दिवस भरतीच्या पोरांबरोबर पळायचे नाहीत. त्यांच्या अर्धा तास आधी निघ किंवा नंतर, किंवा कालव्याच्या बाजूने एकटा जा. पहिला किलोमीटर पाच मिनिटांच्या वर गेला पाहिजे, एवढीच अट. लाज वाटेल. वाटू दे. मंगळवारी दोन हजार मीटरचे चार तुकडे, मध्ये दोन मिनिटं आराम, ४०० मीटरचा प्रत्येक राउंड ८३ सेकंदांचा. हाच तुझा हाफचा वेग. पहिला राउंड ८० मध्ये आला तर तो तुकडा तिथेच सोडायचा, चालत रेषेवर यायचं आणि पुन्हा सुरू करायचं. पहिल्या आठवड्यात तू तीन-तीनदा परत येशील. पण महिनाभरात ८३ चा राउंड घड्याळ न बघता पायाला कळायला लागतो, माझ्याकडे सराव करणाऱ्या मुलींना कळतो. मग शर्यतीत पहिल्या रांगेत उभं राहायचं नाही. तिसऱ्या-चौथ्या रांगेत उभा राहा, समोरच्यांची पाठ आपोआप तुला धरून ठेवेल. व्हिडिओत तू दिसणार नाहीस. मित्रांना आधीच सांगून ठेव की कॅमेरा सतराव्या किलोमीटरला घेऊन थांबा.

मामींकडचं जेवण. हा विषय लहान वाटतो, पण आपल्याकडे तो लहान नसतो. भाचा पळायला आला आहे म्हणून त्या बाईने हिरवी वांगी शोधून आणली असतील, भाजली असतील, लसूण-मिरची ठेचून तेलात परतली असेल, कांद्याची पात चिरली असेल. ताटावर बसल्यावर "नको" म्हणणं शक्यच नाही, आणि म्हणूही नये. म्हणून हे बोलणं ताटावर करायचं नाही. दोन दिवस आधी मामींना फोन कर, स्वतः कर, आईला करायला लावू नको. सांग, "मामी, शनिवारी मला साधं वरण-भात आणि पोळी द्या, तिखट नको, तेल कमी. भरीत-पुरी रविवारी दुपारी करा, मी पोटभर खाऊन मगच बस धरीन." कोणतीही मामी याने दुखावणार नाही, उलट रविवारचा बेत आणखी मोठा होईल. कारण सरळ आहे. तेल, मिरची आणि वांग्याच्या बिया-साली हे सगळं पोटात रेंगाळतं, आणि पळताना रक्त पायांकडे गेल्याने पचन आधीच मंदावलेलं असतं. कळण्याच्या भाकरीचंही तेच, एरवी तिच्यासारखं अन्न नाही, पण आदल्या रात्री नको. सकाळी अडीच तास आधी दोन केळी आणि थोडा चहा, तुला सवय असेल तर. केळीच्या बागेतल्या मुलाने शर्यतीला एनर्जी जेल विकत घ्यायची गरज नाही. एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम कर्बोदकं असतात आणि हाफसाठी ते पुरतं.

चेस्ट नंबर मिळाल्या मिळाल्या बनियनला चार पिना लावून टाक, ते बनियन घालूनच झोप हवं तर. रस्त्याचा नकाशा आदल्या दिवशी बघ आणि जिथे रस्ते वेगळे होतात तिथली खूण पाठ कर, दुकान, पेट्रोल पंप, काहीही. दमलेलं डोकं फलक वाचत नाही. लंडन ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, कांस्य मिळवलेला केनियाचा आबेल मुताई त्याच वर्षी, डिसेंबर २०१२ मध्ये, स्पेनमधल्या एका क्रॉस-कंट्रीत पहिला असताना शेवटची रेषा आली असं समजून काही मीटर आधीच थांबला होता. मागून येणाऱ्या इव्हान फर्नांडेझ अनायाने त्याला ओलांडून जायच्या ऐवजी हाताने पुढे जायला खुणावलं आणि स्वतः दुसरा आला. तुला स्वयंसेवकाने बोलावलं तसंच ते.

शूजबद्दल दोन गोष्टी सांगते, आणि दुसरी तुला जिल्हा स्पर्धेआधी कळायलाच हवी. नवे शूज कितीही महागाचे असोत, त्यांत एक-दोन लांब रन आणि एक आठ-दहा किलोमीटरचा वेगाचा रन झाल्याशिवाय शर्यतीला घालायचे नाहीत. केनियाच्या एलिउड किपचोगेसारख्या धावपटूने २०१५ मध्ये बर्लिन मॅरेथॉनला नवे शूज घातले, शूजच्या आतले सोल सुटून बाहेर आले, पाय रक्तबंबाळ झाले. तो तरीही जिंकला, पण तू आणि मी त्याच्या भरवशावर राहायचं नाही. दुसरी गोष्ट नियमाची. रस्त्यावर तळाची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत चालते, ट्रॅकवर १ नोव्हेंबर २०२४ पासून फक्त २० मिलिमीटर. तुझे वर्गणीचे शूज जाड तळाचे, ते ट्रॅकवर चालणार नाहीत. जिल्ह्याला कोणी मोजलं नाही तरी पुढे राज्याला मोजलं तर केलेली मेहनत बाद होईल. २०२१ मध्ये व्हिएन्ना मॅरेथॉनमध्ये इथिओपियाचा देरारा हुरिसा पहिला आला आणि तळ ५० मिलिमीटरचा निघाल्याने तासाभरात बाद झाला. त्याने अर्जात वेगळे शूज लिहिले होते. ट्रॅकसाठी साधे पातळ तळाचे शूज किंवा लांब अंतराचे स्पाइक (खिळ्यांचे शूज) घे, आणि मित्रांना खरं कारण सांग. त्यांनी प्रेमाने दिलेत, ते रस्त्यावर वापरशीलच.

जिल्हा स्पर्धेवर मी एवढा भर देते आहे त्याला कारण आहे. तू धुळ्याच्या तीन हजारांबद्दल अभिमानाने लिहिलंस. घरी पैशांची गरज आहे हे मला कळतं. केळीला भाव नसला की घरात काय वातावरण असतं हे खान्देशात कोणाला सांगावं लागत नाही. पण हाफनंतर सातव्या दिवशी, तशी लघवी होऊन गेलेली असताना, तू पुन्हा जीव तोडून पळालास. घड भरायच्या आत केळी कापल्यासारखं आहे हे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर रविवारी कुठे ना कुठे रोख बक्षिसाची रोड रेस असते, आज धुळे, पुढे नंदुरबार, मग मालेगाव, आणि एसटीचं भाडं, चहा-नाश्ता, राहणं वजा केलं तर हातात किती उरतं हे एकदा वहीत लिही. त्या बदल्यात काय जातं तेही लिही. मोठ्या शर्यतीनंतर सावरायला तीन-चार आठवडे न मिळाल्याने तू कुठल्याच शर्यतीला ताजा नसतोस.

आणि नोकरी हवी असेल तर वाट वेगळीकडून जाते. रेल्वे, पोलीस, सैन्य, जिथे जिथे खेळाडूंच्या जागा निघतात, तिथे मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं बघतात. जिल्ह्यातून पुढे राज्य, राष्ट्रीय, विद्यापीठ. भुसावळचा रेल्वे विभाग आपल्या उशाशी आहे. रोड रेसचे रोख चेक आणि मेडल तिथे कोणी विचारत नाही. सावरपाड्याची कविता राऊत दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य घेऊन आली ती ट्रॅकवरून. नाशिक जिल्ह्यातलं डोंगराळ गाव, आपल्या शेजारचं. म्हणून रिपोर्ट चांगले आले आणि डॉक्टरांनी परवानगी दिली तर या हंगामात तुझी एकच शर्यत, जिल्ह्याची १०,००० मीटर. पंचवीस राउंड, ८१ सेकंदांचा एक. पहिले पाच राउंड ८२ च्या खाली जायचं नाही. मागे पडलेल्यांना ओलांडताना मोजणी चुकते, म्हणून आपल्यातल्या एकाला वळणावर उभं कर, त्याने प्रत्येक राउंडला फक्त उरलेला आकडा ओरडायचा, "चल चल" नाही. वडिलांशी एकदा बसून हे बोल. यंदा रविवारचे तीन-चार हजार येणार नाहीत, ते का येणार नाहीत, आणि त्यातून पुढे काय मिळवायचं आहे. माझ्याकडच्या मुली हे बोलणं टाळतात आणि मग घरच्यांना न सांगता शर्यती पळतात, त्यात दुखापती वाढतात.

राहिली मुंबई. त्या मॅरेथॉनला जाऊ नको. नोंदणीचे पैसे गेले तर जाऊ दे. तू आजवर २१ किलोमीटरच्या पुढे शर्यत पळालेला नाहीस, गुडघा दुखतो आहे, आणि तपासणी अजून व्हायची आहे. चौथं कारण आपल्याकडच्या मुलांच्या लक्षात येत नाही. आम्ही जळगाव-भुसावळच्या उन्हात तापलेले, आम्हाला मुंबईच्या जानेवारीचं काय, असं त्यांना वाटतं. मे महिन्यातल्या उन्हाची सवय शरीर जानेवारीपर्यंत ठेवत नाही. ती यायला दहा-चौदा दिवस लागतात आणि सोडली की काही आठवड्यांत जाते. डिसेंबरात तू पहाटे कान बांधून, गार आणि कोरड्या हवेत पळतो आहेस. मुंबईची हवा दमट, तिथे घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत स्कॉटलंडचा कॅलम हॉकिन्स मोठी आघाडी घेऊन पुढे होता आणि शेवटचे दोनेक किलोमीटर राहिले असताना उकाड्याने रस्त्यावर कोसळला. तो तुझ्या-माझ्यापेक्षा कितीतरी चांगला तयार होता.

जायचंच असेल तर बघायला जा. शनिवारी रात्रीची गाडी धर, सकाळी पेडर रोडच्या चढावर उभा राहा. परतीच्या वाटेवर, पस्तीस-एक किलोमीटर झाल्यावर तो चढ येतो. पुढचे धावपटू तिथे पावलं किती आखूड करतात, हात कसे ठेवतात आणि मागून येणारे हौशी लोक त्याच जागी कसे चालायला लागतात, ते नीट बघून वहीत लिहून आण. फुल मॅरेथॉनचं बोलणं आपण पुढच्या पावसाळ्यानंतर करू, तोवर तुझ्याकडे निदान दोन नीट पळालेल्या हाफ असल्या पाहिजेत.

तुझी ताई